संपादकीय संस्कार

एडिसन, न्यू जर्सी
१४ सप्टेंबर १९९६

प्रिय ईश्वर,

सप्रेम जय भीम.

तीन वर्षांनी लिहितेय. आधी वाटलं, साधं खुशालीचं पत्र लिहावं, कामठीची तुझी शाळा अजून दोन पाळ्यांत भरते का, रत्नावहिनींची पाठ कशी आहे, असलं काहीतरी. पण हे सगळं मला आधीच माहीत असायला हवं होतं, आणि नाही, त्यात दोष माझाच आहे. राधाला नाचाच्या क्लासला सोडून मी इथल्या पब्लिक लायब्ररीत बसलेय. दीड तास आहे हाताशी. घरी हे लिहून झालं नसतं, दोनदा बसले आणि दोनदा उठले.

आमचं बरं चाललंय. मी औषधांच्या एका कंपनीत आकडेवारीचं काम करते. अतुल सध्या चँडलरला आहे, ॲरिझोनात, तिथल्या प्रोजेक्टवर, दर दोन आठवड्यांनी घरी येतो. इथे मराठी घरं बरीच आहेत. त्यातल्या हेमचंद्रकाकांनी आम्हाला आल्या दिवसापासून धरून ठेवलं. राधाच्या जन्माच्या वेळी अतुल गावात नव्हता, तर काकांनीच मला बर्फातून गाडी घालून हॉस्पिटलात नेलं आणि दीपाकाकू सव्वा महिना डबा पोचवत होत्या. ड्रायव्हिंगही काकांनीच शिकवलं. ते ‘पैलपार’ नावाचा दिवाळी अंक काढतात. माझं शुद्धलेखन बरं म्हणून आधी मुद्रितं तपासायला लागले, आता सहसंपादक म्हणून नाव छापतात, उपासना वानखेडे. वानखेडे कोणातही असतात. कोणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. बाबासाहेबांची तसबीर वरच्या बेडरूममध्ये आहे, पाहुणे तिथे जात नाहीत. चौदा एप्रिलच्या वीकेंडला आम्ही दीड तास ड्राइव्ह करून एकांच्या बेसमेंटमध्ये जातो आणि सोमवारी ऑफिसात कोणी वीकेंडचं विचारलं तर मित्रांकडे गेलो होतो, असं सांगतो. ते खोटंही नसतं.

यंदा अंकाने कथास्पर्धा ठेवली. पहिलं बक्षीस म्हणजे पुढच्या जुलैत इथल्या मराठी मंडळांच्या अधिवेशनात येऊन कथा वाचायची, तिकीट आमचं. नागपूरच्या पेपरातही जाहिरात गेली होती, म्हणजे तू पाहिलीच असणार. चौसष्ट कथा आल्या. दीपाकाकूंनी नावाचे कागद काढून घेतले, कथांवर नंबर टाकले, झेरॉक्स करून तिघा परीक्षकांना दिल्या: काका, हर्नडनच्या आश्लेषा मॅडम आणि मी. एकतिसावी कथा उघडली आणि नाव बघायची गरजच राहिली नाही. कॉलेजात ‘सवाल’ भित्तिपत्रकाचे दोन वर्षं सगळे अंक तुझ्या अक्षरात निघाले. तुझा ‘ळ’ अजून तसाच आहे, आडवा पडलेला.

वाटलं, बाजूला ठेवावी आणि काकांना सांगून टाकावं की लेखक ओळखीचा आहे. पण पहिली ओळ वाचून झाली होती. ईश्वर, तू पेंटरचं नाव बदललंस, गल्ली बदललीस, तरी माझे बाबा मला ओळखू आले. आपल्या इंदोरा वस्तीत रामटेके पेंटरशिवाय दुसरं कोण बोर्ड रंगवून झाल्यावर रस्त्यापलीकडे जाऊन विडी ओढत अर्धा तास तो वाचत बसायचं? ‘सवाल’चं शीर्षकही त्यांनीच लिहून दिलं होतं, तांबड्या रंगात, आणि तू पैसे विचारलेस तर रागावले होते.

बाबांच्या शेवटच्या आठवड्याचं मला कोणीच सांगितलं नव्हतं. फोनवर माझ्या नागपूरच्या काकाने एवढंच सांगितलं, त्रास झाला नाही, झोपेतच गेले. माझ्या व्हिसाचा कागद वकिलाकडे अडकला होता, इथून निघाले असते तर परत येता आलं नसतं, म्हणून मी निघाले नाही. तुझ्या कथेतून मला कळलं की तू रोज शाळा सुटल्यावर दवाखान्यात जात होतास. त्यांनी खाट खिडकीकडे फिरवून घेतली होती आणि समोरच्या दुकानांच्या पाट्या वाचून कोणाचा ‘र’ बिघडला ते तुला सांगत होते. मी येणार का, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. रोज तू गेलास की फक्त एवढंच विचारायचे, ‘आज कोनता वार हाय रे?’ कारण घरी फोन नव्हता आणि मी दर रविवारी गल्लीतल्या मेडिकल स्टोअरवर फोन करायची. गेले तो शनिवार होता, हेही मला तुझ्या कथेतच पहिल्यांदा नीट कळलं. तारीख पाठ होती. वार कधी पाहिलाच नव्हता.

तू ही कथा स्पर्धेला पाठवलीस, की अंकावरचं माझं नाव पाहून मला पाठवलीस? उत्तर नाही दिलंस तरी चालेल.

बैठक काकांच्या घरी झाली, गेल्या महिन्यातल्या एका रविवारी, जेवणं झाल्यावर. तुझ्या कथेला मी शंभरपैकी शंभर दिले होते. काकांनी सत्तर दिले होते. ते वाईट माणूस नाहीत, हे मला तुला पुन्हापुन्हा सांगावंसं वाटतंय. ते म्हणाले, “ताकद आहे पोरात. शेवट वाचून मी चष्मा काढून ठेवला. पण आपला वाचक वीस वर्षं इथे राहतोय, त्याला ही भाषा झेपायची नाही.” आश्लेषा मॅडम म्हणाल्या, “आणि तो घराबाहेर ठेवलेल्या पेल्याचा प्रसंग कशाला हवा? ते सगळं मागे टाकून आलोय आपण. इथे आपण सगळे नुसते मराठी.” मग माझ्याकडे वळून त्यांनी अगदी सहज विचारलं, “उपासना, तू तर नागपूरची. खरंच असं बोलतात तिकडे?”

मी म्हणाले, “सगळेच नाही बोलत.”

एवढंच म्हणाले. काकू सुपारी देत होत्या, मी घेतली. नंतर मनाशी म्हटलं, मला अक्षर ओळखू आलं होतं, तेव्हा परीक्षक म्हणून गप्प बसणं हेच योग्य. नियमाचा आधार किती पटकन सापडतो, बघ. पहिलं बक्षीस एका बर्फातल्या कथेला गेलं, वाईट नाही, नीटनेटकी आहे. आणि तुझं तिकीट गेलं त्या क्षणी मला काय वाटलं, तेही लिहून टाकते. हायसं वाटलं. तू आला असतास तर हॉलमध्ये सगळ्यांदेखत मला जय भीम घातला असतास, आणि मी काय उत्तर दिलं असतं ते मला माहीत नाही.

मग काकूंनी नावांची पाकिटं उघडली. ‘ईश्वर मेश्राम, कामठी’ असं वाचल्यावर आश्लेषा मॅडम म्हणाल्या, “वाटलंच होतं.” काकांनाच बहुतेक अवघडल्यासारखं झालं. ते म्हणाले, दुसरं बक्षीस याला देऊ आणि कथा छापू, फक्त थोडे संपादकीय संस्कार करायला हवेत. भाषा सारखी करायची, पेल्याचा प्रसंग काढायचा. आणि ते काम माझ्याकडे आलं, कारण तिकडचे शब्द मला कळतात.

अतुलला फोनवर सगळं सांगितलं. म्हटलं, काकांना जाऊन सांगते की ते माझे वडील आहेत. तो म्हणाला, “सांग ना. पण यार, चार घरं आहेत आपली इथे. मी तिकडे असताना राधाला ताप आला तर तू कोणाला फोन करतेस?” मला राग आला नाही. अमरावतीच्या होस्टेलमध्ये त्याने काय काय ऐकून घेतलं होतं, ते मला माहीत आहे. एकदा मी काकांच्या दारापर्यंत गेलेसुद्धा. ते गॅरेजमध्ये राधासाठी जुनी सायकल दुरुस्त करत होते. मला बघून इतके खूश झाले, की मी चहा पिऊन परत आले.

आणि मग मी ते काम केलं, ईश्वर. चार दुपारी बसून केलं. ‘मले’चं ‘मला’ केलं, ‘काहून’चं ‘का’ केलं. पेला काढला. तो प्रसंग मी बाबांकडून दहाव्या वर्षी ऐकला होता. प्राध्यापकांच्या घराची पाटी रंगवून झाल्यावर त्यांना पाणी कशातून मिळालं ते सांगताना बाबा हसत होते. त्या जागी आता तीन टिंबं आहेत. शेवटी दवाखान्याचं पान आलं आणि मी लिहिलं, ‘आज कोणता वार आहे?’ मोठ्याने वाचून पाहिलं. रेडिओवर बातम्या देणाऱ्या माणसासारखं वाटलं. मी ते खोडून पुन्हा ‘हाय’ केलं, मग पुन्हा ‘आहे’. काकांना दिली ती ‘आहे’चीच प्रत. त्यांना फार आवडली. म्हणाले, “मूळ लेखकालाही कळणार नाही कुठे हात लागलाय.”

हे पत्र लिहिण्याचं कारण असं. येत्या सोमवारी अंकातर्फे तुला एक पत्र निघेल, माझ्या सहीचं. अभिनंदन असेल, सोबत ती प्रत असेल, आणि बदलांना संमती कळवावी अशी विनंती असेल. हे पत्र मी आजच टाकतेय, म्हणजे आधी पोचेल. तू नाही म्हण. एक शब्दही बदलायचा नाही, असं लिही. मग ते छापणार नाहीत, बक्षीसही दुसऱ्या कोणाला जाईल, आणि आजवर किती ठिकाणांहून तुझ्या कथा साभार परत आल्यात ते मला माहीत आहे. तरी नाही म्हण, कारण मला म्हणता येत नाही. कथा छापली नाही तर इथे कोणाला काही कळायचा प्रश्नच उरत नाही, हेही मला दिसतंय. म्हणून ही विनंती बाबांसाठी करतेय की स्वतःसाठी, हे खूप विचार करूनही मला सांगता येत नाही. ते तूच ठरव. फक्त अंकाला उत्तर लिहिशील त्यात या पत्राचा उल्लेख करू नकोस. ते काका उघडतात.

तुझीच,
उपासना