दिवाळीचे शर्ट

नाहूर, १२ जून १९८६

प्रिय प्रेमाताई,

तुमच्या भावाने महिनाभरात सगळे कपडे वाटून टाकले. आता दोनच शर्ट आहेत. शेजारी साधेपणाचं कौतुक करतात. मला वाटलं, हे घर सोडून जाणार. काल विचारलंच, "कुठे निघालात?"

"कुठेच नाही गं. बाबांच्या मागे त्यांचं कपाट आवरताना तू किती रडलीस. माझ्या वेळी तसं नको."

मुलुंडच्या डॉक्टरांकडे हे एकटेच जाऊन आले होते. काय कळलं ते सांगत नाहीत, आणि विचारायला मला भीती वाटते. हे पत्र टाकलं तर सगळं खरं होईल, म्हणून टाकणार नाही.

आज गुपचूप त्यांच्यासाठी दोन शर्ट शिवायला दिले. शिंप्याने विचारलं, "कधी हवेत?"

मी म्हटलं, "दिवाळीला."

तुमची,
सुनंदा