पेशंट मीच

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, तरण तलावावरचा निवृत्त पोहण्याचा मास्तर, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. दुखण्यात असताना लिहायला हात धजला नाही. आता डॉक्टर म्हणतात, "वर्षातून एकदा तोंड दाखवा, बस्स." म्हणून निवांत लिहितो आहे.

राहते घर आणि बँकेतली ठेव पत्नीची, तिच्यामागे मुलीची. मी आहे तो पत्नीमुळे. कपडे धुताना माझ्या बनियनवर रक्ताचा डाग तिनेच पाहिला. "डास मारला असेल," मी म्हणालो. "रोज त्याच जागी?" असे म्हणून तिने मला दवाखान्यात नेले. खिडकीवरची बाई माझ्या मागे बघत म्हणाली, "बाईंना पुढे येऊ द्या." पत्नी म्हणाली, "पेशंट हेच आहेत." बाकावरच्या सगळ्या बायका वळल्या. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

स्तनाचा कर्करोग निघाला. पुरुषांना क्वचित होतो, पण होतो. डावा स्तन काढला. मोठ्या भावाने, दादाने, बजावले, "हर्निया सांग. लोक हसतील." मी तेच सांगत सुटलो. शर्ट काढावा लागेल म्हणून तलावही सोडला.

पुढे कळले, दोष रक्तातला आहे. मुलीला आणि भावालाही तपासायला हवे. मग मुलीला खरे सांगितले. ती रडली नाही, भडकली. "बाबा, हर्नियाचे टाके छातीवर घालतात का?" तिचा रिपोर्ट स्वच्छ आला. त्याच दिवशी मी तलावावर जाऊन शर्ट काढला आणि धाडकन उडी मारली. तिथल्या पंपवाल्याने व्रणाबद्दल विचारले, मी सांगितले. तो हसला नाही. "पाणी गार आहे, मास्तर, जपून," एवढेच म्हणाला. माझी शिट्टी आणि स्टॉपवॉच त्याला द्यावे.

दादाला तपासणीचे म्हटले की तो फोन ठेवतो. त्याला मी काही ठेवत नाही. रागाने नव्हे. वाटेकऱ्याने साक्षीदार होऊ नये, असे वकील म्हणाले, आणि मला इथे सही त्याचीच हवी आहे. रोगाचे नाव मी मुद्दाम पूर्ण लिहिले आहे. ते वाचल्याशिवाय त्याला पेन देऊ नये.

स्थळ : राहते घर, स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक : १४ मार्च, रविवार

लिहून देणार : मास्तर (सही)

साक्षीदार : १) घरचे डॉक्टर (सही)
२) मोठा भाऊ (सही). सगळे वाचले. उद्या डॉक्टरांबरोबर तपासणीला जातो आहे. तूही चल.