तपासणीच्या दिवशीची कामं

गुरुजी, तुम्ही जाऊनही बरीच वर्षं झाली आणि मी आज लिहायला बसलो, म्हणून माफ करा. तुमच्यावर राग धरायलाच मला एवढा वेळ लागला.

माझी नात तिसरीत आहे. शाळेच्या वाटेवर कालव्याची पाळ लागते, म्हणून मीच तिला सोडतो आणि घरी परत न येता शाळेच्या खिडकीखाली बसून राहतो. घरचे हसतात. पण पोर पाळीवरून घसरली तर, कुणी ढकललं तर, असं मनात येत राहतं. बसून बसून तिसरीचा आठवडा मला पाठ झाला आहे. सोमवारी पाढे, मंगळवारी शुद्धलेखन, शुक्रवारी नखं बघतात, शनिवारी सकाळची शाळा, कवायत आणि मग वाचन. वाचन पुढच्या रांगेपासून सुरू होतं. पुढची पोरं धडधड वाचतात, मॅडम शाबास म्हणतात, पुन्हा त्यांनाच वाचायला लावतात. माझी नात मागे बसते, बोट ठेवून हळू वाचते. तिची पाळी यायच्या आत घंटा होते. दर शनिवारी होते. खिडकीखाली बसून मी ती घंटा ऐकतो आणि माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

परवा शुक्रवारी ती उड्या मारत बाहेर आली. "आबाजी, उद्या तपासणीचे साहेब येऊन राह्यले. मॅडमनं मले अंगणवाडीत ठेवलं, लहान पोरं सांभाळाले."

मी विचारलं, तुलाच काऊन?

"पोरं माह्यं आयकतेत म्हणून," ती म्हणाली.

मलाही बरं वाटलं. पाळीवरून येताना सहज विचारलं, आणखी कुणाला काय काम दिलं. एकाला झाडांना पाणी घालायचं होतं. एकीला खिचडीवाल्या बाईजवळ तांदूळ निवडायचे होते. सगळी मागच्या रांगेतली. मी तिथेच उभा राहिलो, गुरुजी. कारण तेव्हा मला आपल्या नवेगाव बांधचा तलाव आठवला.

मी चौथीत होतो. साहेब येणार होते आणि तुम्ही मला जवळ बोलावून म्हणालात, तू चपळ आहेस, बांधावर जा आणि साहेबांच्या जेवणाला ताजी मासळी घेऊन ये. सगळ्या वर्गातून मी. मी धावतच गेलो. ढीवरांच्या डोंग्या काठाला लागेपर्यंत पाण्यात पाय सोडून बसलो. मासळी घेऊन आलो तेव्हा वर्गातली तपासणी उरकली होती. तुम्ही माझ्या पाठीवर हात ठेवलात. माझा बाप बाजारात सांगत फिरला की गुरुजींचा माझ्या पोरावर फार भरवसा. त्याच वर्षी मी नापास झालो आणि शाळा सुटली. एवढी वर्षं मी लोकांना सांगत आलो की माझे गुरुजी देवमाणूस. आणि परवा कालव्याच्या पाळीवर मला कळलं की तुम्ही मला दडवलं होतं. काऊन, गुरुजी? मला तेव्हा नीट वाचता येत नव्हतं तर शिकवायचं कुणी? मासळीवाल्यांनी?

काल मी अंगणवाडीत गेलो, नातीचा हात धरला आणि तिला वर्गात घेऊन आलो. साहेब खुर्चीवर बसले होते. मॅडम दाराशी आल्या, हळूच म्हणाल्या, "बाबाजी, आज नको. तिलाच त्रास होईल."

"हजेरी तं तिची रोज घेता ना जी," मी म्हटलं. "मंग बसू द्या."

साहेब तरुण होते, हसून म्हणाले, येऊ द्या. त्यांनी तिलाच उभं केलं. तिने बोट ठेवलं. पहिली ओळ वाचली. दुसऱ्या ओळीत अडली, पुन्हा पहिल्या शब्दापासून सुरू केलं, पुन्हा तिथंच अडली. पोरं हसू लागली. साहेब म्हणाले, छान, बस. मॅडमना एक शब्द विचारला नाही, कागदावर काही लिहिलं नाही. लगेच चहा आला.

मला वाटलं होतं, पोरगी निदान साहेबांच्या डोळ्यासमोर तरी आली. पण पाळीवर तिने माझा हात झटकला.

"तिकडं पोरं मले मॅडम म्हणत होते, आबाजी. तुम्ही कायले आले?"

मी चूक केली असं मला आजही वाटत नाही. मॅडमचं चुकलं, तुमचं तर फारच चुकलं. पण तुम्ही निदान मला दिवसभर खुशीत ठेवलं, आणि मी तिला अर्धा दिवसही ठेवू शकलो नाही, याचाही मला तुमच्यावरच राग येतो.

आज रविवार. ती म्हणते, उद्यापासून शाळेत जाणार नाही. तिचा बाप म्हणतो, राहू दे चार दिवस. चार दिवसांचं काय होतं ते मला ठाऊक आहे. खरं सांगतो, सकाळपासून तिला हाक मारायची माझी हिंमत झालेली नाही. ती चुलीपाशी येऊन बसली की मी उठून अंगणात जातो. तिला काय सांगून उद्या पाळीवर न्यायचं, ते तेवढं लवकर कळवा, गुरुजी.