शेवटच्या खांबावरची सुई

भोर, ३ जाने. १९५७
विजेच्या ऑफिसात नवे ओव्हरसीअर आले. सबनीस (यापुढे स.). इंजिनघराशेजारचं क्वार्टर झाडून ठेवलं होतं. नको म्हणाले. "लायनीचा शेवटचा खांब कुठं आहे?" गावाबाहेर, धनगरांच्या घरांपाशी. तिथं राहीबाईंची खोली भाड्यानं घेतली. विक्षिप्त दिसतात.

९ जाने.
उलगडा झाला. म्हणतात, इंजिनाजवळ राहिलो तर गावाचा दिवा मला कसा कळणार? आज कागद घेऊन तिकडे गेलो. राहीबाई वाकळ शिवत होत्या, रॉकेलच्या चिमणीवर. डोक्यावर विजेचा दिवा, नुसती लाल तार. "त्यो पेटलाय का न्हाई बगाया चिमनी लागती," म्हणाल्या. स. खो खो हसले. मला लाज वाटली. आठ वर्षं या ऑफिसात कारकून आहे, तिकडे एकदाही फिरकलो नव्हतो.

२१ जाने.
कारण सापडलं. गावात तीन तारा. दोन तारांवर पेठेतली मोजकी घरं, तिसरीवर बाकी सगळं गाव, म्हणून तिचे दिवे मंद. ज्याची ओळख, त्याला चांगली तार. माझे थोरले भाऊ, दादा, त्यांचं घर चांगल्या तारेवर. आमचंही. मला ठाऊक नव्हतं, असं लिहिणार होतो. ठाऊक होतं.

२ फेब्रु.
आठवडाभर स. स्वतः शिडीवर, मी खाली घरांची यादी धरून. घरं तिन्ही तारांवर सारखी वाटून दिली. आज संध्याकाळी सातला, सगळं गाव दिवे लावतं तेव्हा, राहीबाईंच्या हातात सुई दिली. तिसऱ्या खेपेला ओवली. "इझवा ती चिमनी." स.नी डोळे पुसले, वर घाम म्हणाले. काय माणूस आहे! पायाच पडावंसं वाटलं.
घरी आमचा दिवा जरा मंद. हिला का ते सांगितलं. म्हणाली, "भाकरी दिसतेय ना, झालं."

११ मार्च
दादांनी अर्ज आणला. पेठेतल्या पुष्कळ सह्या. दिवे बिघडवले, सबब ओव्हरसीअरची बदली व्हावी. "तू आतला माणूस. वर पाठव."

१३ मार्च
अर्ज दोन दिवस खणात दडवला. स.ना कळलं, संतापले. "अर्ज आहे, आवक नंबर टाका! ओळखीपाळखीनं कागद दाबायचा, मग तारांनी काय घोडं मारलं होतं?" स्वतःविरुद्धचा अर्ज, आणि हा माणूस मला रागावतोय. टाकला नंबर.

४ एप्रिल
बदलीचा हुकूम. स. सकाळच्या एस.टी.नं गेले. ट्रंक, वळकटी, राहीबाईंनी दिलेली घोंगडी. मला म्हणाले, "यादी जपा." नुसतं एवढंच.
दुपारी दादांचा निरोप: क्वार्टर झाडून ठेव, नवे साहेब सोमवारी येताहेत. घरं पुन्हा जुन्या तारांवर घ्यायचं त्यांच्या कानावर घालू.

६ एप्रिल
क्वार्टर झाडलं नाही. राहीबाईंची खोली मीच घेतली. ही म्हणाली, "वेड लागलंय तुम्हांला," आणि भांडी बांधायला बसली.
राहीबाई: "तुमीबी दिव्याचं सायेब व्हय?"
"नाही हो, कारकून."
"आसू द्या. सुई ओवतीया का, बगायला कुनीतरी हितं पायजेच."
आज सातला ओवली. पहिल्याच खेपेला.
सोमवारी रात्री साहेबांचं जेवण दादांकडे ठरलंय. त्याआधी त्यांना इथं चहाला आणायचं. बरोबर सातला. येतील का?