फिरता वाईस मेघाला

मी, कौसल्या बळीराम मेश्राम, वय ६८, राहणार बेसा, नागपूर, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही धाकाशिवाय हे लिहिते. अर्धांगवायूने डाव्या हाताच्या बोटांची पकड गेली आहे, डोके गेलेले नाही. घरात याबद्दल वाद असल्याने मुद्दाम नमूद करते.

१. राहते घर माझ्या नावावर आहे. मी असेपर्यंत त्यात मीच राहीन. माझ्या पश्चात ते मुलगा अश्विन आणि सून मेघा यांना समान. अश्विनने दलालाला घर दाखवले तेव्हा मी पलंगावर जागीच होते, हे त्याला कळावे.

२. माझे पती कोराडीच्या वीज केंद्रात फिटर होते आणि सुट्टीत गळाने मासे धरायचे. आमिष म्हणून गळावर पिसे आणि रेशीम गुंडाळून ते खोटी माशी बांधत. त्यांच्यामागे मी बांधू लागले. शौकीन लोक घरी येऊन माश्या विकत न्यायचे. हात अधू झाल्यावर गळ धरून फिरवणारा छोटा शिकंजा, म्हणजे वाईस, हवा झाला. अश्विनने स्वस्तातला, चकचकीत आणला. तो फिरायचा, पण गळ वर-खाली हिंदकळायचा आणि दोरा तुटायचा. अश्विन म्हणाला, "आई, आता तुयाच्यानं होत नाही. काहून जिवाले त्रास करून राहिली?" पिसांचा डबा त्याने माळ्यावर टाकला. मीही ते खरे मानले, याचा मला अजून संताप येतो.

मेघाने डबा खाली काढून त्याच वाईसवर गुपचूप माशी बांधून पाहिली. म्हणाली, "आई, माया हातानंबी दोरा तुटून राहिला. दोष वाईसचा आहे." मग आम्ही दोघी पर्समध्ये गळ घेऊन दुकानात गेलो. झिलई पाहिली नाही. दुकानदार वैतागेपर्यंत एकेक वाईस फिरवला आणि ज्यात गळाची दांडी जागच्या जागी फिरली, तो काळपट, तितकाच स्वस्त वाईस घेतला. तो आणि पिसांचा डबा मेघाला.

३. पहिला वाईस अश्विनला. थोडा रागानेच देते. त्यावर एक माशी बांधावी, मग आईच्या हातांबद्दल बोलावे.

४. आता उजव्या हातालाही मुंग्या येतात. घरी सांगितलेले नाही. सांगितले तर डबा पुन्हा माळ्यावर जाईल, याची भीती वाटते.

५. अश्विन, एकदा माझ्याजवळ बसून मला माशी बांधताना पाहा. वकीलबाई म्हणतात, हे मृत्युपत्रात बसत नाही. मी गेल्यावर तो काय पाहणार? खरे आहे. म्हणून बाकी कागद पाकिटात बंद ठेवावा आणि एवढ्या कलमाची नक्कल आजच त्याच्या हातात द्यावी.

वाचून, समजून सही केली :
कौसल्या बळीराम मेश्राम

आमच्यासमोर सही झाली :
१. धोंडबा गजभिये, शेजारी
२. कामिनी ढोके, वकील

नागपूर, १४ नोव्हेंबर २०२४