नाव न घेता ओतलेलं दूध

थार्गेलिओन महिना, ६

देऊळ जळलं. आर्तेमिसचं देऊळ! पहाटे छप्पर खाली आलं, अंगणातून अजून धूर दिसतो आहे. त्या छपराच्या देवदारी तुळया माझ्या नवऱ्यानं वीस वर्षं सांभाळल्या — किडलेली काढायची, नवी बसवायची. मला अक्षरंही त्यानंच शिकवली, तुळयांवर खुणा घालायला कुणीतरी हवं म्हणून. तो गेला त्याला चार वर्षं झाली. बरं झालं म्हणवत नाही, पण बरं झालं.

८

देऊळ जाळणारा पकडला. पळालाच नव्हता म्हणे. हाल केल्यावर एवढंच बोलला — जगानं माझं नाव विसरू नये म्हणून जाळलं. शेजारची मेलिन्ना धापा टाकत सांगायला आली. मी विचारलं, "दिसायला कसा आहे गं?"

"कसा असणार! रोज आपल्या गल्लीतून गेला तरी लक्षात राहू नये, असा."

मग तिनं त्याचं नाव सांगितलं. माझ्या नवऱ्याचंच! दोघी हसलो. खरंच हसलो. या नावाची माणसं एफिससमध्ये काय कमी आहेत?

११

आता हसू येत नाही. सभेनं ठरवलं — ते नाव कुणी उच्चारायचं नाही, लिहायचं नाही. उच्चारेल त्याला मरण. ज्यांचं तेच नाव आहे त्यांनी सात दिवसांत दुसरं घ्यावं. मेलेल्यांचं काय, ते कुणी विचारलं नाही. मेलेले सभेला जात नाहीत.

मी इथेही लिहिलेलं नाही. भिते, दुसरं काय.

१५

माझा मुलगा मोल्पास सकाळीच छिन्नी घेऊन वेशीबाहेर गेला आणि बापाच्या थडग्यावरचं नाव खरवडून आला. मला न विचारता! हातांवर दगडाची धूळ तशीच. मी नाही नाही ते बोलले. तो एवढंच म्हणाला, "आई, मला दोन मुली आहेत."

कुणीच जेवलं नाही. त्याचं चुकलं म्हणता येत नाही, हेच दुखतं.

१६

बाजारात दिवसभर एकच विषय. 'तो', 'तो मेला', 'तो हरामखोर'. नाव तेवढं कुणी घेत नाही.

१९

देवळाच्या तुळईवर सुतारानं स्वतःचं नाव घालायचं नाही, अशी रीत होती. मी एकदा नवऱ्याला म्हटलं होतं, "घाल की एखाद्या कोपऱ्यात. कोण चढून बघतंय?" तर म्हणाला, "छप्पर गळलं नाही की लोक वर बघत नाहीत. तेच बरं."

वीस वर्षं गळू दिलं नाही. त्याला कोण ओळखत होतं? मी, मोल्पास आणि चार सुतार. आणि एका दिवसात जाळणारा मात्र शहरभर झाला! त्याला हवं होतं तेच सभेनं दिलं, की हिरावून घेतलं? मला अजून ठरवता येत नाही. पुसलं गेलं ते माझ्या माणसाचं नाव, एवढं दिसतं आहे.

२३

परवा माझ्या माणसाच्या जाण्याचा दिवस. थडग्यावर मध ओतायचा, दूध ओतायचं आणि नाव घेऊन तीनदा हाक मारायची. नाव ऐकल्याशिवाय मेलेला येत नाही. त्याचा वाटा तसाच मातीत जिरतो. यंदा थडग्यांपाशी पहारा बसवलाय.

मेलिन्ना म्हणाली, "'मोल्पासच्या बापा' म्हण ना."

"खाली पन्नास असतील मोल्पासचे बाप! सगळेच धावत येतील."

ती हसली, मग जवळ सरकली. "हेदिस्ते, मनातल्या मनात घे. जीव जाईल गं तुझा."

मनातल्या मनात तर चार वर्षं घेतेच आहे. उपाशी राहील तो.

२५

मोल्पास आला नाही. एकटी गेले. मध ओतला, दूध ओतलं. गप्प बसून बघितलं — नाही जमलं! घेतलं नाव, मोठ्यानं. पहारेकरी काठी घेऊन धावत आला. दाढीत पांढरं आलेलं. वाटलं, संपलं. त्यानं आजूबाजूला बघितलं आणि हळूच म्हणाला, "मावशी, माझ्या बापाचंही हेच. पलीकडच्या रांगेत आहे."

उरलेल्या दोन हाका आम्ही मिळून मारल्या.