चौतीस वर्षांचा म्हातारा

रविवार, नोव्हेंबर. मिल्टन कीन्स, इंग्लंड.

निखिल जेवायला आला होता; रीमा, माझी सून, आली नव्हती. ब्रॅकनेलची त्याची कंपनी अमेरिकन फुटबॉलच्या क्लबांना खेळाडूंची किंमत काढून देते. टीव्हीवर मॅच होती, आणि त्यातल्याच एका जुन्या रिसीव्हरचा, म्हणजे चेंडू झेलणाऱ्या खेळाडूचा, रिपोर्ट त्याला उद्या द्यायचाय.

"चौतीस पूर्ण, आई. वेग गेला. एका वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट, तेही निम्म्या पैशांत."

"अरे, आत्ता झेलला ना त्याने? दोन दांडगे अंगावर असताना? चेंडू यायच्या आधीच तो तिथे उभा होता."

"ते आमच्या आकड्यांच्या मॉडेलमध्ये बसत नाही."

"मग मॉडेल बदल. पेशंट दारातून कसा चालत येतो ते बघितल्याशिवाय मी कधी त्याचे रिपोर्ट उघडले नाहीत. तू याची एक तरी मॅच पूर्ण पाहिलीस?"

हसला. म्हणजे नाही.

मग भांडी पुसताना तो, अगदी त्याच आवाजात, "रीमा आणि मी बोललो. तू आता गाडी चालवणं बंद कर. राउंडअबाउटच्या चौकात फार थांबतेस, मागचे हॉर्न देतात."

थांबते, कारण बघते. एवढंच म्हणायचं होतं. कॉन्व्हेंटात नन्सनी घोटून घेतलेलं इंग्रजी, घरचं तिखट मराठी, काहीच तोंडात आलं नाही. राग तरी यावा? तोही नाही. चेंडूच्या आधी पोचलेला तो माणूस, कोण कुठला, त्याच्यासाठी मात्र तासभर भांडले.

निखिलने किल्ली मागितलीही नव्हती. मीच पर्समधून काढून त्याच्यापुढे ठेवली.